तांब्याच्या तारेवरचा टीव्ही

टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट आणायची युक्ती मुळात इंटरनेटसाठी शोधलेलीच नव्हती. ती टीव्हीसाठी होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांना केबलवाल्यांची धास्ती वाटू लागली. घराघरांत आपली तांब्याची तार आधीच गेलेली आहे, तिच्यावरूनच माणसाला हवा तो सिनेमा हव्या त्या वेळी दाखवता आला तर केबलवाल्यांना तोंड देता येईल, असा त्यांचा विचार. बेलकोर या त्यांच्या संशोधनसंस्थेतल्या जोसेफ लेकलायडर यांनी हेरलं, की सिनेमा बघणाऱ्याला घ्यायचं पुष्कळ असतं आणि पाठवायचं जवळपास काहीच नसतं. मग तारेची क्षमता दोन्ही दिशांना सारखी वाटायचं कारण काय? येणाऱ्या बाजूला भरपूर, जाणाऱ्या बाजूला चिमूटभर, या विभागणीवर एडीएसएल हे तंत्र उभं राहिलं. पुढे स्टॅनफर्डच्या जॉन सियोफी यांनी एकाच तारेचे शेकडो अरुंद पट्टे पाडून प्रत्येकावरून थोडी थोडी माहिती धाडण्याची पद्धत यशस्वी करून दाखवली. तेव्हाचं उद्दिष्ट होतं सेकंदाला दीड मेगाबिट. व्हिडिओ कॅसेटच्या दर्जाचं चित्र तेवढ्यात मावत असे. नव्वदच्या दशकात मागेल तेव्हा सिनेमा दाखवण्याचे प्रयोग थंडावले, त्याच सुमारास वेब आलं, आणि टीव्हीसाठी घडवलेलं हे तंत्र इंटरनेटच्या पदरात पडलं.

म्हणून जेव्हा अमरावतीच्या एखाद्या नव्या लेआउटमध्ये कुणी लाइनमनला विचारतो, "भाऊ, या लाइनवर एचडी चालते का?", तेव्हा तो त्या तारेकडे तिचं मूळचंच काम मागत असतो. उत्तर मात्र प्लॅनच्या कागदावर सापडत नाही. ते सापडतं एक्स्चेंजपासून त्याच्या घरापर्यंतच्या तारेच्या लांबीत.

आधी चित्राकडे बघू. पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट, आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की आकडा येतो सेकंदाला १२४ कोटी ४१ लाख ६० हजार बिट. म्हणजे १२४४ मेगाबिट. ही कच्ची मागणी एक्स्चेंजपासून घरापर्यंत येणारी टेलिफोनची तार पुरवू शकत नाही. तरीही आज तेच चित्र पाच मेगाबिटमध्ये घरी येतं. अडीचशे बिटांपैकी एकच पाठवायचा आणि बघणाऱ्याला कळूही द्यायचं नाही, हे काम करणाऱ्या गणिताला कोडेक म्हणतात.

कोडेकचा मुख्य डाव साधा आहे: आधीच्या चित्रात जे होतं ते पुन्हा पाठवायचं नाही. दर काही सेकंदांनी एक चित्र संपूर्ण पाठवायचं, आणि मधल्या चित्रांसाठी फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं एवढंच कळवायचं. त्यामुळे कोडेकला आपल्या मराठी मालिका फार सोयीच्या. सासूचा चेहरा, मग सुनेचा, मग पुन्हा सासूचा, आणि मागची भिंत जागची हललेली नाही. असल्या प्रसंगाला दोन-अडीच मेगाबिटही पुरतात. क्रिकेट याच्या उलट. हिरव्या गवताचं बारीक पोत, सरकणारा कॅमेरा, हलणारी गर्दी आणि चेंडूमागे धावणारं सगळंच. शिवाय खेळ नीट दिसायला सेकंदाला २५ऐवजी ५० चित्रं लागतात. मालिकेत स्वच्छ दिसणारी लाइन सामन्यात चौकोनी ठिपके दाखवू लागते, त्याचं कारण हे. लाइन तीच असते, मागणी वाढलेली असते.

गेल्या तीस वर्षांत हे आकडे झपाट्याने उतरले. अमेरिकेतल्या एचडी प्रसारणात एमपेग-२ पद्धतीने एका वाहिनीच्या वाट्याला १९ मेगाबिट ठेवलेले असत. २००३ मध्ये एच.२६४ हे कोडेक आलं आणि तेच चित्र आठ, पुढे पाच मेगाबिटमध्ये बसू लागलं. २०१३च्या एचईव्हीसीने आणखी निम्म्याची सोय केली, पण ते उलगडायची ताकद टीव्हीत किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये असली तरच. आज नेटफ्लिक्स आणि यूट्यूब दोघंही पूर्ण एचडीसाठी पाच मेगाबिट सुचवतात. ७२० रेषांच्या धाकट्या एचडीला अडीच ते तीन पुरतात. हे सगळे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून पाच मेगाबिटने तासभर बघितलं की सव्वादोन जीबी खर्ची पडतात. प्लॅनवर वेग बिटांत आणि मर्यादा बाइटमध्ये लिहिलेली असते. या गोंधळात किती जणांची महिन्याची मर्यादा दहा तारखेलाच संपली असेल!

चित्राची भूक अशी खाली येत होती तेव्हा आपल्याकडे तारेची क्षमता वर चढत होती. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' सुरू केलं. तेव्हा मुंबई एमटीएनएलकडे आणि उरलेला महाराष्ट्र बीएसएनएलकडे होता, त्यामुळे ०७२१ आणि ०७२४ची, म्हणजे अमरावती आणि अकोल्याची गाठ पडली ती याच सेवेशी. २५६ किलोबिट म्हणजे एचडीच्या मागणीचा विसावा हिस्सा. दोन तासांचा साडेचार जीबीचा एचडी सिनेमा त्या वेगाने उतरवायला ३९ तास लागतात. बघत बघत उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. २००७पासून वेग दोन मेगाबिटपर्यंत गेला आणि काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर मोफत मिळू लागला. सहा तास, दोन मेगाबिट: हिशेबाने ५.४ जीबी. एका रात्रीत एक एचडी सिनेमा, आणि थोडं शिल्लक. तेव्हाची कॉलेजची पोरं दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करत आणि पुन्हा झोपत, त्यामागे हे गणित होतं. विदर्भातला पहिला घरगुती एचडी इंटरनेट टीव्ही असा पहाटे येत होता आणि संध्याकाळी बघितला जात होता, असं म्हटलं तर मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

मुंबईत तेव्हा वेगळं चाललं होतं. एमटीएनएलने २००६ मध्ये फोनच्या तारेवरूनच टीव्ही वाहिन्या द्यायला सुरुवात केली. चित्र साधं, एचडी नव्हे, पण सलग. दाट वस्तीत एक्स्चेंज जवळजवळ असतात आणि तारा आखूड असतात, हा मुंबईला मिळालेला फायदा. पसरत जाणाऱ्या गावांना तो मिळत नाही.

इथे तारेच्या स्वभावात शिरावं लागतं. आपलं बोलणं चार किलोहर्ट्झच्या आत मावतं. एडीएसएल त्याच्या वरची जागा वापरतं: २५ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंत, आणि नंतरचं एडीएसएल टू प्लस २२०० किलोहर्ट्झपर्यंत. बोलणं आणि नेट एकाच तारेवर एकमेकांना त्रास न देता चालतात ते यामुळे, आणि फोनपाशी लावलेली ती छोटी स्प्लिटरची डबी या दोघांना वेगळं करते. पण तांब्याला उंच कंपनं मानवत नाहीत. टेलिफोन केबलमधल्या ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेत ३०० किलोहर्ट्झच्या आसपासचा संकेत दर किलोमीटरला सुमारे १३.८ डेसिबलने क्षीण होतो. साध्या भाषेत, एक किलोमीटर गेल्यावर चोविसावा हिस्सा उरतो. तीन किलोमीटरवर साधारण चौदा हजारावा. त्याहून उंच पट्टे तर तिथवर पोचतच नाहीत. मोडेम ते सोडून देतो आणि उरलेल्यांवर भागवतो.

म्हणून एडीएसएल टू प्लसचे छापील २४ मेगाबिट एक्स्चेंजपासून किलोमीटरभरातच अनुभवाला येतात. तीन किलोमीटरवर आठच्या आसपास, चारवर चारच्या आसपास, पाचवर दीड-दोन. आणि ही लांबी नकाशावरची सरळ रेष नव्हे. तार एक्स्चेंजमधून निघून रस्त्याकडेच्या पिलरमध्ये जाते, तिथून घरोघरच्या जोड्या वाटणाऱ्या डीपीच्या डब्यात, तिथून खांबावरून ड्रॉप वायरने घरात. अकोल्यात मोर्णा नदी ओलांडायची तर तारेलाही पूल गाठावा लागतो. नजरेने दीड किलोमीटर वाटणारं अंतर तारेने अडीच-तीन सहज भरतं. शेजारशेजारच्या दोन घरांत एकाला एचडी चालतं आणि दुसऱ्याला नाही, यात बऱ्याचदा दोघांचे डीपी वेगळे असतात एवढंच गूढ असतं.

लाइनीला मिळालेल्या वेगातूनही वाटखर्च जातो. एडीएसएलमध्ये माहिती ५३ बाइटच्या तुकड्यांनी धावते आणि त्यातले ४८च कामाचे. वर लॉगिनचा आणि पत्त्यांचा भार. सगळा धरून १३ ते १५ टक्के. मोडेमच्या पानावर लाइन सहा मेगाबिटला जुळलेली दिसत असेल तर हातात पाच-सव्वापाच येतात. म्हणून नियम असा धरावा: एका पूर्ण एचडी पडद्यासाठी लाइन किमान सहाला जुळली पाहिजे, आणि घरात त्याच वेळी कुणी मोबाइल चाळणार असेल तर आठला. दोन टीव्ही एकदम चालवायचे असतील तर बारा, म्हणजे एक्स्चेंज अडीच किलोमीटरच्या आत. अपलोडचाही विचार हवा. एडीएसएलची जाणारी बाजू मेगाबिटभराची. लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागले की ती भरून जाते, मिळालेल्या तुकड्यांची पोच वेळेवर परत जात नाही, आणि येणारं चित्रही अडतं. नेट चालून नाही राहिलं म्हणून आपण कंपनीला बोल लावतो तेव्हा कधी कधी खिशातला फोन गुपचूप अपलोड करत असतो.

हे झालं कोरड्या, निरोगी तारेचं. वऱ्हाडात तार निरोगी राहणं अवघड. इथली काळी कपाशीची माती उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा टाकते आणि पावसाळ्यात फुगते. जमिनीतली केबल आणि तिचे सांधे दरवर्षी ताणले जातात. ओल शिरू नये म्हणून केबलमध्ये जेली भरलेली असते, पण सांधा उघडा पडला की जेलीचा इलाज चालत नाही. ओल्या सांध्यावर बोलणं खरखरत का होईना चालू राहतं. एडीएसएल मात्र तुटतं, जुळतं, पुन्हा तुटतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे जातो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, तेव्हा वीस अंशांवर मोजलेली तार पंचेचाळिसात दहा टक्के जास्त अडवते, आणि खांबावरची उन्हात तापलेली ड्रॉप वायर त्याहून जास्त. चार किलोमीटरवर काठाकाठाने चालणाऱ्या लाइनीला एवढाही भार पेलत नाही.

या सगळ्यावर उपाय होता तो लाइनमन. कोणत्या डीपीत कोणती जोडी कोरडी आहे, कोणत्या पिलरमध्ये पाणी साचतं, हे त्याच्या डोक्यात असायचं आणि खराब जोडी बदलून तो दुसरी लावून द्यायचा. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कागदावर तो पगाराच्या बोज्याचा निर्णय होता. तारांच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी अनेक गावांतली केबलची माहितीच नोकरी सोडून गेली.

आणि लगेच मार्च उजाडला. टाळेबंदीत सगळा देश घरात. २४ मार्च २०२० रोजी मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मिळून ठरवलं, की मोबाइल जाळ्यांवर तूर्त ४८० रेषांच्या वर चित्र पाठवायचं नाही. एचडीचा प्रश्न तोवर तारेवरून हवेत गेला होता, कारण जिओ येऊन तेव्हा साडेतीन वर्षं झाली होती आणि लेआउटांमधली बहुतेक घरं टॉवरवर अवलंबून होती. माझ्या मते एडीएसएलचं खरं दुर्दैव इथे आहे. चित्राची मागणी पाच मेगाबिटवर उतरली आणि तारेची कमाल क्षमता त्याच्या वर गेली, अशी दोघांची गाठ कागदावर पडली होती. नेटफ्लिक्स भारतात आलं ते जानेवारी २०१६ मध्ये, हॉटस्टार त्याआधी वर्षभर. पण तोवर तारेची निगा सुटत चालली होती.

सरासरी वेग पुरेसा असूनही चित्र का अडतं, याचंही उत्तर द्यायला हवं. व्हिडिओ सलग येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा चार-सहा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो. तुमचा टीव्ही मागचा तुकडा किती वेळात आला ते बघतो आणि पुढचा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतो. लाइन खाली आली की दर्जा एक पायरी उतरतो. सिनेमात तीस सेकंदांचा साठा आधीच करून ठेवता येतो, त्यामुळे मधला गचका लपतो. थेट सामन्यात साठा करायला वेळच नसतो. जे अजून घडलं नाही ते साठवणार कसं? म्हणून क्रिकेटसाठी आठ मेगाबिटची डळमळती लाइन सहाच्या स्थिर लाइनपेक्षा वाईट. तरीही प्रवाह कापणं, पाठवणं, जोडणं यात वीस-तीस सेकंद जातातच. शेजाऱ्याकडे डिश असेल तर विकेट पडल्याचा गलका भिंतीपलीकडून आधी येतो आणि आपला गोलंदाज अजून धावत असतो. याला कितीही मेगाबिटचा इलाज नाही.

बँडविड्थची गोष्ट निघाली की रस्त्याची उपमा येतेच, आणि आपल्याकडे ती टाळणं कठीण आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३च्या एका मार्गिकेचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. पण महामार्गावरून उतरून आपल्या लेआउटमध्ये वळलं, की गाडी पहिल्या गिअरमध्ये येते. नेटचंही तेच. शहराशहरांमधले ऑप्टिकल फायबर दोन दशकांपूर्वीही पुरेसे होते. अडलं ते शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये, जिथे तांबं होतं.

आता तिथेही काच येऊन पोचते आहे, पुष्कळदा जुन्या केबलवाल्याच्याच हातून. फायबरमध्ये प्रकाश दर किलोमीटरला ०.३ डेसिबलच्या आसपास क्षीण होतो. तांब्यात किलोमीटरनंतर चोविसावा हिस्सा उरत होता. इथे नव्वद टक्क्यांहून जास्त उरतो. अंतराचा प्रश्न शहरापुरता मिटला. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरून सेकंदाला २४८८ मेगाबिट येतात आणि ते साधारणपणे ६४ घरांपर्यंत वाटले जातात. सगळ्यांनी एकदम मागितले तरी घराला जवळपास ३९ मिळतात, म्हणजे सात एचडी पडदे. यात एक मजेशीर योगायोग आहे. जीपॉनची उलट्या दिशेची क्षमता आहे बरोबर १२४४.१६ मेगाबिट, आणि आपण वर काढलेला कच्च्या एचडी चित्राचा आकडाही शेवटच्या बिटापर्यंत तोच. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. २०२४ मध्ये बीएसएनएलने मध्य प्रदेश आणि तमिळनाडूत फायबरवरून पाचशेहून अधिक टीव्ही वाहिन्या द्यायला सुरुवात केली, आणि त्या घरच्या इंटरनेटच्या कोट्यातून वजा होत नाहीत. लेकलायडर यांच्या वेळची टेलिफोन कंपन्यांची इच्छा अशी पुरी झाली, फक्त तार बदलावी लागली.

ज्यांच्याकडे अजून तांबंच आहे त्यांनी मोडेमच्या पानावर दोन आकडे बघावेत. लाइन अटेन्युएशन, म्हणजे वाटेत संकेत किती क्षीण झाला तो आकडा, चाळीस डेसिबलच्या आत असेल तर पूर्ण एचडीची आशा धरायला हरकत नाही. पन्नासच्या वर असेल तर महागडा प्लॅन घेऊन काहीच हाती लागणार नाही, ७२० रेषांवर समाधान मानावं. एसएनआर मार्जिन, म्हणजे खरखरीवर संकेताची शिल्लक आघाडी, सहाच्या खाली घसरत असेल तर दोष सांध्यात किंवा घरातल्या वायरिंगमध्ये शोधावा. एक्स्टेन्शनसाठी ओढलेली जुनी वायर काढून मोडेम थेट फोनच्या पहिल्या डबीला जोडला तर मेगाबिटभराचा फरक पडू शकतो. फायबरवाल्यांची तक्रार बहुधा वायफायची असते. दोन भिंतींपलीकडच्या टीव्हीला लॅनची वायर द्यावी.

अमरावती जिल्ह्यातल्या डोंगराळ मेळघाटाची गोष्ट मात्र निराळी. धारणी तालुक्यातल्या हरिसालला राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने डिजिटल गाव म्हणून निवडलं, तेव्हा तिथे इंटरनेटसाठी जे तंत्र पुढे आलं ते टीव्ही प्रसारणाच्या रिकाम्या राहिलेल्या लहरींचं होतं. या लहरी झाडी आणि डोंगरउतार बऱ्यापैकी पार करतात. म्हणजे शहरात इंटरनेटवरून टीव्ही येत होता आणि डोंगरात टीव्हीच्या जागेवरून इंटरनेट. २०१९च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी हरिसाल भर सभेत पडद्यावर दाखवलं आणि डिजिटल गावाच्या दाव्यांचं प्रत्यक्षात काय झालं याचा वाद राज्यभर गाजला. सरकारची मुख्य भिस्त मात्र भारतनेटवर राहिली: प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणि त्यावर १०० मेगाबिट. गावातल्या घरांनी ते वाटून एचडी बघायचं ठरवलं, तर शंभर भागिले पाच, वीस घरं. तेही शाळा, दवाखाना आणि ग्रामपंचायतीचा संगणक बंद असताना.